शेरा

तालुक्याहून तक्ता आला तेव्हा चैत्र संपत होता,
सड्यावरचं गवत जळून काळं,
पंचायतीचा पंखा सकाळपासून बंद.
मागील पन्नास वर्षांतील आपत्ती : वर्ष, प्रकार, हानी, शेरा.
पाच ओळी छापलेल्या.
जास्त लागल्यास पुरवणी जोडावी.

खारवठारात साल कुणाला आठवत नाही.
जैनूमामू सोलकर म्हणाले, लिहा,
ज्या साली आमच्या थोरलीचा निकाह माळ्यावर लागला,
खाली कमरेइतकी खाडी, वर काझी,
आणि जेवणाचा टोप होडीतून आला.
मी विचारलं, हानी?
जावई, म्हणाले, आणि हसले.
मग बराच वेळ बंदराकडे बघत राहिले.
दोन होड्या, म्हणाले. आणि मोहिद्दीन.

बायजा तांडेलने दाराची चौकट दाखवली.
कोयत्याने पाडलेल्या खाचा,
खालची सासऱ्याची, वरची तिच्या हातची,
मधल्या दोन एकाच आठवड्यातल्या.
पोरांची उंची मोजतात
तशी या घराने पाण्याची मोजली.
वरच्या खाचेला माझा हात पोचेना.

खारबांध फुटल्याची तारीख दप्तरात सापडली.
त्यानंतरची सात वर्षं नाही सापडली,
भाताच्या कोपऱ्यांत तिवरं उगवली ती.
वाऱ्याने सुपाऱ्या झोपवल्या, त्याचा पंचनामा मिळाला,
झाडामागे एका नारळाचा भाव.
कातळावर वीज पडून गेलेल्या गुराख्याचं नाव
तिघांनी तीन सांगितलं.
मी तिन्ही लिहिली.
पुरवणी संपली.

निवारा केंद्र : आहे.
चावी कंत्राटदाराकडे.
कंत्राटदार विरारला.

शेवटी डोंगराच्या कुशीतली वरची वाडी.
नऊ घरं, पायथ्याशी चिरेखाण,
आणि गेल्या श्रावणात पडलेली भेग,
द्वारका घवाळीच्या परड्यातून, गोठ्याखालून,
न्हाणीच्या दगडाला वळसा घालून गेलेली.
तक्त्यात तीन चौकोन : कमी, मध्यम, तीव्र.
तीव्रवर पेन टेकवलं
तशी तिने माझं मनगट धरलं,
पीठ लागलेल्या हाताने.
"मध्यम लिव, भावा.
तीव्र लिवलंस तं उठवतील.
तिकडं पत्र्याच्या खोल्यांत गोठा न्हाय."
म्हटलं, आणि डोंगर आला तर?
ती बोलली नाही, परड्यात घेऊन गेली.
भेगेच्या दोन काठांवर ऐनाच्या दोन खुंट्या,
मध्ये बांधलेला तंगूस,
बायजाकडून मागून आणलेला,
सुरमई ओढणारा.
रोज पहाटे धार काढण्याआधी
ती तो बोटाने छेडते.
"सैल हाय तवर निजायचं.
वाजला का पोरं उचलायची."

मी उकिडवा बसून छेडला.
थरथरला,
बोटाला कळेल इतका,
कानाला नाही.

मध्यम लिहिलं, पण पेन्सिलने.
शेऱ्याला जागा अर्ध्या बोटाची.
लिहिलं : मोजणी स्थानिक पातळीवर सुरू.
साधन : तंगूस.
तालुक्याहून तक्ता परत आला,
तंगूसभोवती लाल गोल,
बाजूला प्रश्नचिन्ह.

उत्तर अजून पाठवलं नाही.
रोज सहा वाजता तिला फोन लावतो.
ती उचलते, काही न बोलता परड्यात जाते,
मला कोंबडा ऐकू येतो, बादलीची कडी,
मग ती सांगते
आणि मी वहीत उतरवतो, तारीख घालून.
काही नाही.
काही नाही.
रविवारी फोन लागला नाही.
काही नाही.
आज म्हणाली,
"जरा वाजल्यागत झालं.
वारा आसंल."